पाव फेरा

बाहेर उणे चोवीस. हेर्वान्तात, सातव्या मजल्यावर
रेडिएटर तापून हवा पापडासारखी कोरडी,
आणि माझ्या मांडीवर आडवी
एकशेचाळीस युरोंची बेस गिटार.
लेम्पाल्याच्या एका पोरानं विकली.
"दोष काही नाही," म्हणाला, आणि घाईनं दार लावून घेतलं.

खर्जाची तार दुसऱ्या-तिसऱ्या पडद्यावर
बाटलीत अडकलेल्या माशीसारखी करते.
आधी वाटलं, माझीच बोटं.
एकोणीस वर्षं इस्पितळाच्या लाँड्रीत घालवलेली बोटं,
त्यांना चादरीची किनार कळते, तार कुठली कळायला?
आमचा बँड निघाला तेव्हा
गिटार, ढोल, गाणं आधीच वाटून झालं होतं.
मी त्या दिवशी रजेवर होते,
म्हणून माझ्या वाट्याला हे.

खालच्या मजल्यावरचा रेइनो पियानो लावायचा, चाळीस वर्षं.
आता कानातली यंत्रं काढून टेबलावर ठेवतो
आणि हनुवटी गिटारच्या शिंगावर टेकतो.
"वाजव."
वाजवलं.
"मान मागे गेलीय. हिवाळ्यात लाकूड सुकतं.
आत सळई आहे, ती सैल कर. पाव फेरा. मग झोप."
"झोप?"
"लाकडाला रात्र लागते."

मी अर्थात उलटीकडे फिरवलं.
सकाळी माश्या दोन झाल्या होत्या.

त्या दिवशी कामावर ओईलीबरोबर चादरी ताणताना
हात मध्येच थांबले.
ती तिकडून ओढते, मी इकडून,
दोघींपैकी एकीनं जास्त जोर केला
तर दुसरी पाय घसरून येते पुढे,
आणि कुणीच ओढलं नाही तर चादरीला झोळ.
अच्छा. म्हणजे तारा एकीकडून,
सळई दुसरीकडून,
आणि मधली मान सरळ दिसते
ती कुणीच सोडत नाही म्हणून.
ओईली म्हणाली, "अगं, ओढ की."

घरी येऊन डावीकडे पाव फेरा. कालचा फेडायला.
झोपले. आणखी पाव.
रेडिएटरवर पाण्याचा वाडगा ठेवला,
जसा कुणी आजारी असलं की ठेवतात.
तिसऱ्या दिवशी पहिला पडदा दाबून, शेवटचा दाबून
मधल्या फटीत दंतवैद्याचं कार्ड सरकवलं.
ते अडलंही नाही, पडलंही नाही.

मग घोडी. चार तारांची चार खोगीरं,
मुंगीएवढे स्क्रू,
एक सोफ्याखाली गेला तो अजून तिथंच असेल,
त्याच्या जागी मी चष्म्याचा बसवला.
बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं शिवायचं, मग दाबून वाजवायचं,
दोन्ही आवाज एकच यायला हवेत.
रेइनोची हनुवटी म्हणाली, "दाबलेला चढतोय."
खोगीर मागे. "अजून."
मागे. "अजून जरा."
मग तो काहीच बोलला नाही, उठला,
यंत्रं कानात घातली आणि कॉफी मागितली.

रविवार. खर्जाची तार छेडली
आणि कपाटातल्या बश्या हलल्या.
माशी नाही. दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर नाही.
मी पुन्हा कार्ड घातलं. पुन्हा सूर लावला.
खुंट्या, खोगीरं, सगळे स्क्रू एकेक करून पाहिले.
चाळीस मिनिटं मी
आणखी काहीतरी बिघडलेलं शोधत होते.

अंगण खरंच वाकडं होतं हो.
मोजलंय मी. दंतवैद्याचं कार्ड साक्षीला आहे.
आता ते सरळ आहे
आणि ओईलीचा निरोप आलाय: बुधवारी सहाला,
तिच्या भावाच्या गॅरेजमध्ये,
हातमोजे आण, हीटर बंद आहे.

आरशासमोर उभी राहून गिटार खांद्याला अडकवली.
पट्टा.
पट्ट्याची लांबी तेवढी
अजून बघायला हवी.